विळीवरचा गंज

आत्या आषाढात गेली. गणपतीसाठी घर उघडलं, तेव्हा माजघरात भिंतीला टेकवलेली तिची विळी तांबडीलाल झाली होती. भिंतींना ओल, गाद्यांना बुरशी हे आमच्याकडे दर पावसाळ्याचं. विळी गंजलेली मात्र मी जन्मात पाहिली नव्हती. खवणीच्या दात्यांवरून बोट फिरवलं तर विटकरी पूड हाताला लागली.

वहिनी म्हणाली, "ताई, राहू दे ती. मोदकांचं खोबरं मिक्सरमधून काढते." मी चिंच मागितली.

रात्रीची जेवणं आटोपली की आत्या विळी मागच्या पडवीत न्यायची. डाग दिसला तर चिंचेचा दाट कोळ फासायची, चिंच संपली असेल तर भिजवलेली कोकमं. थोडा वेळ ठेवून सोडणाच्या किशीने चुलीतली राख लावून घासायची. मीठ मात्र जवळ येऊ द्यायची नाही. "खारा वारा कमी पडला काय?" म्हणायची. लिंबू-मीठ चोळा म्हणणाऱ्यांपेक्षा मला तिचंच पटतं. मीठ घासायला बरं, पण फटीत उरलं की ओल धरतं आणि गंज पुन्हा बोलावतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतं, एवढंच काम तिथे हवं असतं.

खरं काम त्यानंतर. धुतलेलं पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, चुलीच्या वैलावर क्षणभर ऊब द्यायची, खोबरेलाचं बोट फिरवायचं. डाग असो नसो, हे रोज रात्री. घरात सगळे झोपायला गेलेले असायचे, म्हणून कोणाला दिसायचं नाही.

श्रेय काकांनी घेतलं. पाहुण्यांसमोर विळी मागवायची, पात्यावर टिचकी मारायची आणि सांगायचं, "आमच्या लोहाराने पाजलेलं पाणी आहे. गंज धरेल कसा?" मग ओघाने दिल्लीचा लोहस्तंभ यायचाच. सोळाशे वर्षं, ऊन नाही म्हणत, पाऊस नाही म्हणत, वगैरे. आत्या आतून सुपारी आणून द्यायची आणि काही बोलायची नाही.

पाणी पाजल्याने पात्याला कठीणपणा येतो. गंजाशी त्याचा संबंध नाही. आणि मेहरौलीचा तो स्तंभ, सात मीटर उंच आणि सहा टनांहून जड, कुठल्या मंत्राने टिकलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरतो. शिवाय दिल्लीची हवा कोरडी. जमिनीत गाडलेल्या भागाला मात्र गंज चढलेलाच आहे. काका आज असते तर हे मी त्यांना पाहुण्यांसमोरच सांगितलं असतं.

मी पायरीवर बसून घासत होते. पातं लवकर उघडं पडलं, दात्यांनी मात्र छळलं. तांबडं पाणी पायरीवर ओघळलं आणि दिसेनासं झालं, कारण पायरी जांभ्याची, त्याच रंगाची. जांभ्याचा तांबडेपणा म्हणजे लोहाची ऑक्साइडंच. गंजही तेच. फ्रान्सिस बुकॅनन १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाबद्दल लिहितो की जमिनीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की विटेसारखा कठीण होतो. आमचं अख्खं घर चौथऱ्यापासून त्याचंच आहे. ज्या घराच्या भिंतीच गंजाच्या, त्यात एका पात्यापुरतं लोखंड काळंभोर राखायचं, हा आत्याचा हट्टच म्हणायचा.

तुमच्याकडे विळी असेल तर कोळ तासभर पुरे. रात्रभर ठेवलात तर आम्ल चांगलं लोखंडही खाईल. धुतल्यावर लगेच पुसा, कारण घासून उघडं पडलेलं लोखंड दमट हवेत पुन्हा झपाट्याने गंजतं. मग खोबरेल लावा. आणि हे रोजचं पुसणं, घरात जो कोणी विळीचं कौतुक सांगतो, त्याच्याकडे सोपवा.