दोन विषय, एक विद्या

गेल्या वैशाखांत आमच्या आंजर्ल्याच्या घरीं मोठा वाद झाला. माझ्या थोरल्या बंधूंची नात बारावी उत्तीर्ण होऊन म्हणाली, "मी मुंबईस जाऊन इंग्रजी साहित्य आणि इतिहास हे दोन्ही विषय एकत्र घेणार." तिच्या वडिलांना तें रुचलें नाहीं. जेथें एका विषयानेंही पोटाची निश्चिती नाहीं, तेथें दोन दगडांवर पाय कशाला, हा त्यांचा प्रश्न. मीही त्यांच्याच बाजूचा. मी १९७४ सालचा मॅट्रिक. संस्कृत मात्र घरींच आजोबांपाशीं शिकलों. काव्य तें काव्य आणि इतिहास तो इतिहास, अशी माझी पक्की समजूत.

एके सायंकाळीं ओटीवर बसून ती माझ्या शिक्षकी काळांतील टांचणवही चाळीत होती. ज्यूलियस सीझरच्या पाठाखालीं त्यानें मरतांना ब्रूटसला उद्देशून काढलेले ते प्रसिद्ध लॅटिन उद्गार मीं लिहिले होते.

"अण्णाआजोबा, हे शब्द कोणत्या इतिहासकारानें नोंदले?"

मला उत्तर देतां येईना. तीच म्हणाली, "स्वेटोनियस सांगतो, सीझर एक शब्दही न बोलतां गेला. तो ग्रीक भाषेंत कांहीं बोलला असें कित्येक म्हणतात, एवढीच त्याची पुस्ती. हे लॅटिन शब्द घरोघर पोंचले ते शेक्सपियरच्या नाटकामुळें."

तीस वर्षें मीं मुलांना नाटक इतिहास म्हणून शिकविलें! मन खजील झालें. "म्हणजे तें नाटक टाकाऊच कीं!" मी जरा चिडूनच बोललों.

"टाकाऊ कसें? १५९९ सालीं तें लंडनांत रंगभूमीवर आलें, तेव्हां एलिझाबेथ राणी सहासष्टीच्या घरांत, आणि गादीला वारस ठरलेला नाहीं. सत्ताधीश गेल्यावर राज्याचें काय, ही धास्ती प्रेक्षकांच्याही मनांत होती. हें इतिहासावांचून कसें कळणार?"

त्या रात्रीं मला कल्हणाची आठवण झाली. बाराव्या शतकांत 'राजतरंगिणी' श्लोकबद्ध करणाऱ्या त्या कवीनें जुनीं दानपत्रें व शिलालेख धुंडाळले होते. मागोमाग न्यायमूर्ति रानडे आठवले. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. तुकडींत ते उत्तीर्ण झाले, आणि पुढें एल्फिन्स्टन महाविद्यालयांत त्यांनीं इंग्रजी व इतिहास हे दोन्ही विषय शिकविले. १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहितांना त्यांनीं संतांसाठीं एक स्वतंत्र प्रकरण दिलें. किल्ले आणि लढाया मोजून राष्ट्राचा उदय उलगडत नाहीं. अभंगांनीं मनें कशीं घडविलीं हेंही पाहावें लागतें.

पोटाची काळजी खोटी नव्हे. परंतु एकच विषय धरून माणूस किती निश्चिंतपणें चुकूं शकतो, त्याचा दाखला माझ्याच वहींत होता. सकाळीं पुतण्यास म्हटलें, "अरे, जाऊं दे तिला. पहिल्या वर्षाचा खर्च माझ्याकडे." तो बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. मग "बरें, काका," एवढेंच म्हणाला.

ज्येष्ठांत ती दापोलीच्या एस्. टी.त बसली. तिला निरोप देऊन घरीं आलों आणि टांचणवही उघडली. ते उद्गार खोडले नाहींत. समासांत 'नाटकांतून' एवढा एकच शब्द लिहिला.