सैतानाची कोळंबी आणि मूळ संहिता

पाककृतीला वाङ्मयप्रकार म्हणावे की नाही, या प्रश्नाची रीतसर चर्चा आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. वास्तविक लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचे आणि कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० सालचे. ही दोन पुस्तके शेजारीशेजारी ठेवली, तर साठ वर्षांत मराठी गद्याने कोणकोणती वळणे घेतली हे दाखवणारी एखादी प्रबंधिका सहज लिहून होईल. पाककृतीतले वाक्य बहुधा आज्ञार्थी असते. त्यात कर्ता अध्याहृत असतो आणि काळ मिनिटांत मोजलेला असतो. नाट्यसंहितेप्रमाणेच ती कागदावर अपुरी असते. प्रयोग झाल्यावाचून तिला अर्थ येत नाही. आणि भाषांतराप्रमाणेच तिच्यामागे एक सावली कायम उभी असते : ‘मूळ चव’.

ही सावली आमच्या घरात काही काळ फार गडद झाली होती. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. घाटावरच्या ज्या गावात राहतो तिथे मासळी बर्फात घालून येते, आणि बुधवारी संध्याकाळी महाविद्यालयातून परतताना ती घ्यायची हा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आम्हांपैकी एकीची आई मालवणची. दुसऱ्याची ती सासू, पण हाक दोघांचीही ‘आई’ अशीच. शेवटची नऊ वर्षे ती आमच्याकडे होती आणि बुधवारची चूल तिची होती. कोळंबीला ती ‘सुंगटं’च म्हणे. तिचे कालवण ओल्या खोबऱ्याचे, सुक्या मिरच्यांचे आणि शेवटी सोडलेल्या कोकमांचे. साहित्य एवढेच. प्रमाण विचारले तर उत्तर ठरलेले : “हाताक कळता.”

ती गेल्यानंतर सात महिने आम्ही कोळंबी घेतली नाही. त्याविषयी घरात काही ठरले नव्हते. सुरमई आली, बांगडा आला. कोळंबीच्या टोपलीपाशी मात्र दोघेही जरा भरभर चालत होतो. कारण उघड होते. कालवण केले असते तर पहिल्या घासालाच तुलना झाली असती, आणि ती तुलना सोसण्याची तयारी दोघांचीही नव्हती. मूळ संहिता हरवलेली आहे, पण तिचा एकेक शब्द वाचकाला पाठ आहे, अशा अवस्थेत भाषांतरकाराने करावे तरी काय?

त्यावर आमच्या मुलीने, बहुधा नकळत, तोड काढली. एका बुधवारी तिने कोळंबीची ‘फ्रा दियावोलो’ नावाची झणझणीत इटालियन कृती समोर ठेवली. या पदार्थाची मूळ चव घरात कोणालाच ठाऊक नव्हती. तो बिघडला तरी कोणाची आठवण बिघडणार नव्हती. आम्ही त्याच संध्याकाळी अर्धा किलो कोळंबी घेतली.

कृती साधी आहे आणि आठवड्याच्या मधल्या रात्री, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर असताना, चाळीस मिनिटांत उरकते. कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढायचा. डोकी आणि कवचे फेकायची नाहीत. ती थोड्या तेलावर परतून दोन वाट्या पाण्यात पंधरा मिनिटे उकळली की नारिंगी झाक असलेले दाट पाणी मिळते. मूळ कृतीत पांढरी वाइन असते. आमच्याकडे तिची जागा हे पाणी आणि अर्धे लिंबू घेतात. दुसऱ्या चुलीवर पास्त्यासाठी खारट पाणी ठेवायचे. पसरट कढईत चार चमचे ऑलिव्ह तेल, त्यात आठ पाकळ्या लसूण ठेचून, आणि दोन-तीन सुक्या मिरच्या बियांसकट चुरडून. आच मंद हवी. लसूण तांबूस होऊ लागला की सहा पिकलेले टोमॅटो चिरून घालायचे, मीठ आणि चिमूटभर ओरेगॅनो टाकायचे, कवचांचे पाणी ओतून पंधरा मिनिटे आटवायचे. कोळंबी अगदी शेवटी. तीन-चार मिनिटांत तिचा राखाडी रंग जाऊन ती केशरी होते आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळते. वाटोळी झाली तर समजावे की ती चिवट झाली. अति उष्णतेने तिच्यातली प्रथिने आकसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. पास्ता किंचित कच्चा असतानाच काढून, त्याच्या पिठूळ पाण्याच्या पळीसह या रसात घोळवायचा. वर चीज घालायचे नाही. मासळीवर चीज हा इटालियन स्वयंपाकघरात बहुतेक ठिकाणी अपराध समजला जातो.

मिरची तेलात घालताना आम्ही दोघे एकदमच म्हणालो, “ही तर फोडणी!” मिरचीचा जाळ ज्या द्रव्यात असतो ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. हे शास्त्र न शिकताच मालवणच्या आणि नेपल्सच्या बायकांनी एकच क्रिया शोधून काढली.

अध्यापकाची खोड अशी की पोट भरल्यावर तो व्युत्पत्तीकडे वळतो. ‘फ्रा दियावोलो’ म्हणजे ‘सैतानबुवा’, सैतान नावाचा धर्मबंधू. हे मिकेले पेत्सा या माणसाचे टोपणनाव. जन्म १७७१चा, रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या इत्री गावचा. नेपल्सवर फ्रेंच सैन्य चालून आले तेव्हा त्याने गनिमी काव्याने लढा दिला. फ्रेंचांच्या लेखी तो दरोडेखोर, त्याच्या लोकांच्या लेखी वीर. १८०६ साली त्याचा पाठलाग करणाऱ्या फौजेचे नेतृत्व कर्नल ह्यूगो यांच्याकडे होते. हे व्हिक्टर ह्यूगोचे वडील. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेपल्सला पेत्साला फाशी दिले. पुढे १८३० साली पॅरिसमध्ये ओबेरने त्याच्यावर संगीतिका रचली, १९३३ साली लॉरेल आणि हार्डी यांनी तिच्यावरून विनोदी चित्रपट केला. बंडखोराचा असा प्रवास होत होत त्याचे नाव एका तिखट सॉसला चिकटले.

पण खरी गंमत पुढे आहे. हा पदार्थ मुळात इटलीतला नाहीच. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसे अमेरिकेत गेली. त्यांतली बहुसंख्य दक्षिणेकडची, आणि पोटासाठी गेलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या अमेरिकेतल्या खानावळींतून या नावाचा सॉस रूढ झाला. म्हणजे आम्ही ज्याला ‘मूळ’ समजत होतो ते आधीच भाषांतर होते. गाव सुटलेल्या माणसांनी हाताशी मिळेल त्या जिन्नसांतून आठवणीने रचलेले. त्याहीमागे जावे तर १६९०च्या दशकात नेपल्सला प्रसिद्ध झालेल्या अंतोनियो लातिनीच्या ग्रंथात टोमॅटोच्या सॉसची कृती आहे. तिच्यात मिरचीही आहे, आणि तिचे नाव आहे ‘स्पॅनिश पद्धतीचा सॉस’. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडाची देणगी. तीच मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली, आणि तिथून जवळच असलेल्या मालवणच्या पाट्यावर आली. आईचे कालवण ज्या तांबड्या रंगाने ओळखले जाई, तो रंगही एका परक्या शब्दाचे मराठीकरणच होता.

भाषांतरमीमांसा शिकवताना ‘त्रादुत्तोरे, त्रादितोरे’ ही इटालियन म्हण आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो : भाषांतरकार म्हणजे द्रोही. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, द्रोह व्हायला मूळ शुद्ध असावे लागते ना?” वर्गात आम्ही देरिदापर्यंत जाऊन आलो, सिद्धान्त सगळा सांगून झाला. सिद्धान्त बरोबर असतो, पण तो दुःखाला लागू करता येत नाही, हेही शिक्षकाला पन्नाशी जवळ आली की कळू लागते. मूळ असे काही नसतेच, हे आम्हांला मान्य आहे. आणि आईच्या हातचे कालवण हे मूळच होते, हेही आम्हांला मान्य आहे. या दोन विधानांत तार्किक विसंगती आहे. ती सोडवण्याची घाई आता आम्ही करत नाही.

सैतानबुवाची कोळंबी आमच्याकडे आता महिन्यातून दोनदा होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकीने रसात दोन कोकमे सोडण्याचा प्रस्ताव मांडला. दुसऱ्याने विरोध केला. त्याला परका पदार्थ परकाच हवा होता, कारण त्या परकेपणातच त्याला सुरक्षित वाटत होते. वाद बराच चालला. शेवटी कोकमे एका वाटीत वेगळी भिजत ठेवली आणि ज्याला हवे त्याने ते आगळ वरून घ्यावे असे ठरले. मुलीने घेतले. मग आम्ही दोघांनीही घेतले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्या रात्री भांडी घासून झाल्यावर एका कोऱ्या पुरवणीच्या पाठीवर आम्ही कालवणाची कृती लिहायला बसलो. एकीला वाटपाचा क्रम आठवत होता, दुसऱ्याला रंग. खोबरे किती बारीक वाटलेले असे, यावर मतभेद झाले आणि दोन्ही पाठ कंसात नोंदवले. मिठापुढची जागा रिकामीच राहिली. कागद फ्रीजच्या दारावर लावला आहे. येत्या बुधवारी बाजारात चांगली सुंगटे मिळाली, तर त्याचा पहिला प्रयोग करायचा बेत आहे.