पांडेसऱ्यातला फज

फजला मराठीत शब्द नाही, आणि कुणी तो घडवण्याच्या खटपटीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तसले घडवलेले शब्द आमच्या खात्यातल्या फायलींत पडून असतात, कुणाच्या तोंडी बसत नाहीत. मुंबई-पुण्याकडच्यांना फज म्हटलं की लोणावळ्याचं कूपर्स आठवतं. आपल्या गोंयकारांच्या घरात मात्र त्याचा जवळचा नातेवाईक आधीपासून आहे, तो म्हणजे चण्याचा दोस. डाळ, नारळ, साखर, आणि मिश्रण कढई सोडेपर्यंत न थांबणारा हात.

तो हात माझ्या मावसबहिणीचा होता. माईने घोटलेला दोस चवथीला आमच्या आजोळी यायचा. लग्न होऊन ती सुरतेला गेली. नवरा अमळनेरकडचा, पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये कामाला. उधना ओलांडलं की औद्योगिक वसाहत सुरू होते, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि त्यांच्या चिमण्या. माईच्या गल्लीत गुजरातीपेक्षा अहिराणी, उडिया आणि भोजपुरीच जास्त कानावर पडते. तिथल्या कितीतरी बायकांसारखी माईही घरी बसून साड्यांचे धागे कापते. साडीमागे मिळतात दोन-तीन रुपये. वर्षानुवर्षं मान खाली घालून हेच काम केल्यावर दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा आखडला. कालथा धरणं संपलं. दिवाळीला गावी पाठवायच्या वड्याही बंद झाल्या आणि हे तिला खांद्याच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

गेल्या दिवाळीआधी मी गेलो तेव्हा भाची स्वयंपाकघरात होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर आलेली. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, 300 ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे, दोन चमचे लोणी आणि चिमूटभर मीठ, सगळं तिने जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवलं. पाच-सात मिनिटांत मिश्रण एकजीव होऊन चमकायला लागलं. त्यात 100 ग्रॅम अक्रोड घालून तूप लावलेल्या ताटात ओतलं, थापलं, आणि चार तास फ्रिजमध्ये. झालं!

"हाका गोडशें म्हणटात?" माई दारातून म्हणाली. रागावली की ती अजून कोंकणीत बोलते.

आता तिचं अगदीच चूक नव्हतं. खऱ्या फजमध्ये दूध-साखर साधारण 114 अंशांपर्यंत आटवतात, म्हणजे आपल्या गोळीबंद पाकाच्या आसपास. मग न हलवता कोमट होऊ देतात आणि नंतर दमेपर्यंत घोटतात. त्या घोटण्याने साखरेचे कण अगदी बारीक होतात, म्हणून तो जिभेवर रवाळ न लागता विरतो. भाचीच्या फजला आकार देते ती चॉकलेटमधली चरबी, साखर नव्हे. दूध आटवण्याचं काम तर कारखान्याने आधीच केलेलं. (त्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत गेल बॉर्डनने 1856 मध्ये घेतलं.) पण मंडळी, फजची कुळकथाही फार सोवळी नाही. 1888 च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजच्या मुलींनी तो करून विकल्याची नोंद आहे. विद्यार्थिनींनीच हा पदार्थ गाजवला. मी हे माईला सांगितलं. तिच्यावर काहीही परिणाम झाला नाही.

मग मी कागद-पेन घेतलं, कारण तेवढंच मला येतं. डबा, चॉकलेट, लोणी, अक्रोड मिळून 400 रुपये. तुकडे 48. बाराचा एक असे चार बॉक्स, प्रत्येकी 150 प्रमाणे 600. खोक्यांचे 40 वजा जाता उरले 160. तेवढ्यासाठी माईला किती साड्या लागतात ते गणित मी मोठ्याने केलं नाही, पण तिने मनात केलं असावं, कारण ती आत येऊन पाटावर बसली. घरून विकायचं तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून तो अर्ज मी रात्री भाचीच्या मोबाईलवर भरून दिला. 'उत्पादकाचे नाव' या रकान्यात भाचीने आईचं नाव घालायला सांगितलं. माई म्हणाली, "मी काय केलंय त्यात?"

सकाळी ताट बाहेर काढलं. सुरतेच्या उकाड्यात कडा लगेच मऊ पडू लागल्या, तेव्हा कापायची घाई झाली. भाचीचे तुकडे वाकडे येत होते. माईने डाव्या हाताने सुरी घेतली, गरम पाण्यात बुडवून पुसली आणि एका ओळीत सरळ चौकोन पाडले. कडेचा एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ काही बोलली नाही.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढच्या ताटात जायफळ किसून घाल. आणि एक खोकं अमळनेरसाठी बाजूला ठेव."