चिठ्ठीतलं एकही नाव गाळायचं नाही

आमच्या दीपनगरला स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, परवाना कुणाच्या नावावर होता? परवाना नव्हताच, कारण हवेत काही सोडलंच जात नव्हतं. सगळं तारेतून जायचं. हॉलमागच्या खोलीत एक अहुजाचा अॅम्प्लिफायर, एक एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर, पुढे एक टेपरेकॉर्डर, आणि खांबांवर बांधलेले कर्णे. रविवारी संध्याकाळी तासभर कार्यक्रम, गणपतीत रोज. एवढंच. पण हे एवढंच चार मित्रांनी नोकऱ्या, पाळ्या, लेकींची लग्नं, आजारपणं सांभाळत काही दशकं चालवलं, आणि माझ्या वाट्याला त्यातून जे आलं ते मी अजून फेडतेच आहे.

भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. १९६८ चा छोटा संच, मग २१० मेगावॅटचे दोन. तापीवरच्या हतनूर धरणाचं पाणी, वाघिणींतून येणारा कोळसा, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख. नाना कंट्रोल रूममध्ये. अप्पा इन्स्ट्रुमेंट विभागात, म्हणजे मीटर, गेज, रेकॉर्डर दुरुस्त करणारे. तिसऱ्या शाळेतल्या बाई, पेटी वाजवणाऱ्या. चौथे भुसावळहून सायकलीवर येणारे गार्डकाका, रेल्वेतले. त्यांच्याकडे रेकॉर्डी होत्या, आणि गाडी घेऊन ते खंडव्याला किंवा नागपूरला गेले असले तर त्या रविवारी जुन्याच वाजायच्या.

चौघांची शाळा म्हणजे रेडिओ सिलोन. १९५२ मध्ये आकाशवाणीने सिनेसंगीताकडे पाठ फिरवली आणि देशभरातले कान कोलंबोकडे वळले. अमीन सायानींची गीतमाला बुधवारी रात्री ऐकत ही माणसं वाढलेली. विविध भारती १९५७ ची, जळगावचं आकाशवाणी केंद्र १९७६ चं. ९६३ किलोहर्ट्झवर आपल्याच गावांची नावं, आपल्याकडचे केळी-कापसाचे भाव ऐकू आले तेव्हा नानांना म्हणे पहिल्यांदा वाटलं, की माइकसमोर बसायला मुंबईचंच असावं लागत नाही.

आकाशवाणीची ती पहाटेची धून वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ मध्ये बांधलेली. आपलीही अशी एक धून हवी, हा अप्पांचा हट्ट. भुसावळच्या भंगारवाल्याकडून त्यांनी पाइपांचे तुकडे आणले, कानसीने घासून घासून सुरात बसवले, दोरीला टांगले. बाईंनी पाच सुरांचा तुकडा बसवला. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने ते पाइप पाहून विचारलं होतं, बॉयलरच्या ट्यूब तर नाहीत ना? अप्पांनी भंगारवाल्याची पावती दाखवली. ती पावती पुढे कितीतरी वर्षं खोलीच्या भिंतीला चिकटवलेली होती.

आता एक गोष्ट सांगते, जी दीपनगराबाहेर कुणाला पटत नाही. आमच्याकडे लताबाई काही दिवस जाड आवाजात गायच्या. त्या काळी संध्याकाळी विजेची मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी उतरायची. पन्नासची साडेअठ्ठेचाळीस व्हायची. आणि रेकॉर्ड प्लेअरची मोटर थेट त्या विजेच्या तालावर फिरणारी. तीन टक्के मंद. गाणं इतकंच खाली यायचं की पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसायचं नाही. बाई वैतागून भाता बंद करायच्या. पाळीवर जाता जाता नाना खोलीत डोकावून सांगायचे, "आज पडेल बरं का, काहीतरी जलद चालीचं लावा." आमचा कार्यक्रम नेमका मागणीच्या वेळेला, त्यामुळे जड गाणी आमच्याच नशिबी. पुढे २००२ मध्ये पश्चिम ग्रिडमध्ये एबीटी ही वीजदराची पद्धत आली, ठरल्याबाहेर घेतलेल्या विजेचा दर फ्रिक्वेन्सीला बांधला गेला आणि मीटरचा काटा शहाणा झाला. तोवर रेकॉर्डी जाऊन कॅसेटी आल्या होत्या, त्यांना फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नव्हतं.

अप्पांनी एकदा दोन ट्रान्झिस्टर जोडून छोटा ट्रान्समीटर केलाही होता. शेजारच्या बिल्डिंगपर्यंत आवाज गेला. नानांनी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा, दोन्ही वर्षं तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि अप्पांनी त्याच रात्री तो सोडवून सुटे भाग डब्यात टाकले. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटलं तेव्हा अप्पांनी पेढे वाटले. फारच लवकर वाटले. सामुदायिक रेडिओ २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना खुला झाला. चार मित्रांना नाही. त्याच २००६ मध्ये बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महतोचं घरगुती एफएम स्टेशन सरकारने बंद केलं. ती बातमी अप्पांनी कापून पावतीच्या शेजारी लावली.

माझं काम चिठ्ठ्या वाचण्याचं. फर्माइशींचा डबा हॉलच्या दाराशी असायचा. एका गाण्याखाली आठ-दहा नावं, कधी अख्खं खटलं. मी चौथीत असेन. एकदा सुपडू आणि उखर्डू अशी दोन नावं शेजारी आली आणि मला हसू आवरेना. मूल जगत नसलं की सुपात घालून किंवा उकिरड्यावर ठेवून उचललेल्या लेकराला आमच्याकडे अशी नावं ठेवत. हे मला तेव्हा कुठलं ठाऊक? नानांनी माइक बंद केला. रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, त्याचं नाव भोंग्यावर वर्षातून एकदा येतं. तुझं रोज शाळेत येतं." मग माइक चालू करून माझ्याकडे सरकवला. मी दोन्ही नावं वाचली. गार्डकाकांनी गाणं लावलं.

नियम तिथून पक्का झाला. गाणं कापलं तर चालेल, नाव कापायचं नाही. वेळ संपत आली, चिठ्ठी लांबलचक असली, अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी. वाचता येत नसेल तर आधी जाऊन विचारून यायचं. त्यासाठी मी सायकलवर फेकरीपर्यंत गेलेली आहे. फेकरी गाव प्रकल्पाला लागून. आमच्याकडे दिवे आणि तिकडे भारनियमन, ही लाज नाना उघड बोलून दाखवायचे. भारनियमन वाढलं तेव्हा रविवारचा कार्यक्रम कॅसेटवर भरून सेलवरच्या टेपरेकॉर्डरने सोमवारी तिकडे पारावर ऐकवला जाई. तिथली नावं त्यात पहिली.

आज मी एका वर्तमानपत्रात निधनवार्तांचं पान बघते. 'त्यांच्या पश्चात' या दोन शब्दांपुढे सुना, नातवंडं, पणतू येतात, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी तीच नावं छाटायची रीत आहे. मी छाटत नाही. टाइप लहान करते, वाक्य तोडते, जाहिरातवाल्यांशी भांडते. नवीन मुलं मला हट्टी म्हणतात. हा हट्ट माझा नाही, तो नानांचा. पगार मात्र मी घेते.

५०० मेगावॅटचे दोन संच २०१२ मध्ये आले तोवर चौघंही निवृत्त होऊन पांगली होती. नाना आता नाहीत. बाई नाशिकला, गार्डकाका भुसावळातच. उरलेल्या कॅसेटी अप्पांकडे, बुरशी आलेल्या. कापसाने पुसून पुसून ते त्या संगणकावर घेत आहेत. बऱ्याच कॅसेटींवर तारीखच नाही. कुठेसं त्यांनी वाचलंय की ध्वनिमुद्रणात मागे राहिलेल्या विजेच्या गुणगुणीवरून गुन्हे तपासणारे लोक वेळ ठरवतात. आपल्या कॅसेटींतही ती गुणगुण आहे, कंट्रोल रूमच्या लॉगशीट मिळाल्या असत्या तर ताळा पडला असता, असं त्यांचं म्हणणं. लगेच स्वतःच खोडून काढतात, की टेपचा वेगच इतका हलतो, ताळा कसला पडणार.

रेकॉर्डीवरून टेप केलेल्या मंद गाण्यांचं काय करायचं, यावर आमचं फोनवर भांडण चालू आहे. अप्पांना ती पन्नासवर आणून दुरुस्त करायची आहेत. आयुष्यभर मीटर दुरुस्त केलेला माणूस. बाई म्हणतात, करा, मला एकदा पेटीवर वाजवून बघू दे. मी म्हणते तशीच राहू द्या, त्या संध्याकाळची ती फ्रिक्वेन्सी आहे. गार्डकाकांचं मत वेगळंच: गाणी काय बाजारात मिळतात भो, ती पुसा, चिठ्ठ्या तेवढ्या ठेवा.

परवा अप्पांनी पहिली फाइल पाठवली. गाणं दुरुस्त केलेलं, आणि नावं वाचणारा माझा आवाजही त्याच हिशेबाने तीन टक्के जलद, चिरका झालेला. मी कळवलं की मी रेकॉर्ड प्लेअरवर फिरत नव्हते. अप्पा आता गाणी आणि नावं वेगवेगळी कापत बसले आहेत.