चोराची पाठ

बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे ती झाडण्याचाही अधिकार हाती आला, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींतही आढळते. वस्तुतः १९५९ च्या शस्त्रकायद्याचा परवाना शस्त्र बाळगण्यापुरता असतो. ते माणसावर केव्हा रोखावे, हे ठरविणारा कायदा निराळा.

परभणीजवळ पेडगावास आम्ही एका शेतकरी स्नेह्यांकडे उतरलो होतो. खुंटीवर वडिलोपार्जित बंदूक होती. रात्री ओसरीवर त्यांनी विचारले, "समजा, चोर बैल सोडून नेऊ लागला अन् म्या गोळी घातली, तर?"

"चोराचे तोंड कोणीकडे आहे?" आम्ही उलट विचारले.

त्यांना ती थट्टा वाटली. परंतु कायद्याचे मर्म येथेच आहे. १८६० च्या दंडविधानाची ९६ ते १०६ ही कलमे (पेडगावास ती निजामशाही गेल्यावर, १९५१ साली लागू झाली) १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या आकड्यांनी नांदत आहेत. चोर सुरा उपसून अंगावर आला आणि मरणाचे वा जबर दुखापतीचे रास्त भय उत्पन्न झाले, तर त्याचा प्राण घेण्यापर्यंत आपला हक्क पोहोचतो. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीसही तेच लागू. मात्र दावे कापून मुकाट्याने बैल हाकणाऱ्या चोरास अडवावे, काठीने बडवावे. त्याचा जीव घेता येत नाही. पाठमोऱ्यावर गोळी घालणाऱ्यास तर भयाचा आधारच उरत नाही.

"बैलजोडी गेली म्हंजे घरच मेलं की!" स्नेही म्हणाले. त्यांचे दुःख खरे होते, तरी कायद्याचा पक्ष आम्हांस सोडवेना.

शिवाय, आत्मसंरक्षण होते हे आरोपीनेच दाखवावयाचे. संशयातीत पुरावा नको, संभव दिसला तरी पुरे. पण तोवर धीर हवा. पंजाबातील दर्शनसिंग याने १९९१ साली बापावर हत्याराचा वार झालेला पाहून बंदूक झाडली. सत्र न्यायालयाने त्यास सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. भयभीत माणसाचा प्रतिकार तराजूत तोलता येत नाही, अशा आशयाचे मत देऊन सर्वोच्च न्यायालयाने त्यास मुक्त केले, ते २०१० साली.

स्नेह्यांनी बोटांवर हिशेब केला. "एकोणीस वर्सं! तेवढ्यात तर बैलांच्या दोन जोड्या सरतील."