सहा मिनिटांची चाल

दमा, जुना खोकला, बरा झालेला टीबी, काहीही असो, मला आधी माणूस चालताना बघायचा असतो. फुंकण्याची तपासणी करतेच; पण ती बसून होते, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचं जगणं चढावरचं, डोक्यावर मोळी घेऊन चालायचं.

व्हरांड्यात तीस मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा केल्यात. धावायचं नाही, सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दम लागला तर थांबावं, घड्याळ थांबत नाही. पूर्वी ही चाल बारा मिनिटांची होती. १९८२ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवलं की सहा मिनिटंही पुरतात.

धडगावकडची एक मावशी आठवते. बिडी कधी ओढली नाही, पण जन्म चुलीपुढे गेला. दोन फेऱ्या ठीक. मग खांदे वर येऊ लागले, ओठ आवळले गेले आणि हात भिंतीला लागला. बोटावरचा ऑक्सिमीटर ९४ दाखवत होता.

"मावशी, दम लागला म्हणून थांबलात का?"

त्यांनी मांड्यांवर थापा मारल्या. "पाय भरून आले, बाई."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, मांड्या झडतात, आणि झडलेल्या मांड्यांनी थोडं चाललं तरी जास्त दम लागतो. त्यात पोटाला कमी. शिवाय आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, बायकांत रक्त कमी असतं. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, मुळात हिमोग्लोबिन किती ते नाही: गाड्या भरलेल्या, पण गाड्याच मोजक्या. मावशींचं रक्त तपासलं, तेही कमीच निघालं. नुसता पंप लिहून दिला असता तर निम्मा आजार तसाच राहिला असता.

२००४ मध्ये सेली नावाच्या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी वजन, फुंकर, दम आणि चाल यांची एकत्र गुणपद्धत मांडली. सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला, रुग्ण किती जगेल याचा अंदाज एकट्या फुंकरीपेक्षा तिने चांगला येतो. त्यात साडेतीनशे मीटरच्या पुढे चालणाऱ्याला चालीसाठी धोक्याचे गुण शून्य, दीडशेच्या आत थांबणाऱ्याला पूर्ण तीन गुण.

व्यायामाने तीसेक मीटर वाढले तरी फरक खरा मानतात. पण दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना व्यायामासाठी दर आठवड्याला दवाखान्यात कसं बोलवायचं? म्हणून खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं शिकवते, पहिल्याच भेटीत, सोबत आलेल्या मुलीलाही करायला लावून. सोबत शेंगदाणे, डाळ, लोहाच्या गोळ्या. आणि चूल घराबाहेर मांडता येईल का, हे घरच्या पुरुषाला समोर बसवून विचारते.