आगेरा आणि विसावा

आमच्या एडवणकडे ऑक्टोबरात हळवे भात कापणीला येते; कुणाला दम खायला फुरसत नसते. नेमक्या त्याच दिवसांत, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, वसई-मुंबईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकरी ‘आगेरा’ साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. उरलेले पीक अजून शेतात, वर परतीच्या पावसाची भीती, तरी आभार आधी! तयार भात उभे ठेवू नका, दाणा गळतो, असे सांगत हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला हे धाडसच वाटते.

बायबलातला विसाव्याचा नियमही शेतकऱ्याच्या घरचाच. निर्गमाच्या २३व्या अध्यायात सातव्या दिवशी बैल, गाढव, दासीचा मुलगा, परका, सगळ्यांना विश्रांती. लेवीयाच्या २५व्यात तर सातव्या वर्षी जमिनीलाच. धर्मसेवाही त्यातून सुटत नाही. लोकांच्या वर्दळीत शिष्यांना जेवायला सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना निवांत जागी विसाव्याला बोलावले, असे मार्क लिहितो.

मात्र निर्गमाच्या २०व्या अध्यायातली यादी वाचा. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, सारे आहेत. घरधनीण वेगळी सांगितलेली नाही. देशावरच्या पोळ्यालाही बैल बसतो आणि पोळ्या लाटणारी उभीच. कापणीत एक दिवस खाडा धरणार असाल, तर त्या दिवशी चूल कोण पेटवणार, हे आदल्या रात्रीच ठरवा.